अंबिकाची टिचकी

त्या रविवारी विभूने हाक मारायच्या आधीच अंघोळ केली. पाच वर्षांचं पोर, एरवी बादली दिसली की पलंगाखाली शिरणारं. भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून तो गाडीपाशी येऊन उभा राहिला आणि बापाला म्हणाला, "बाबा, मी आईला ओळखू येईन ना? मी तर आता मोठा झालोय."

शिवानंद डिकीत पाण्याचा कॅन ठेवत होता. तो तसाच वाकून राहिला. चूक त्याचीच होती. आठवडाभर तो मुलांना सांगत होता की आपण शेतीच्या संग्रहालयात जायचं आणि तिथे आईचा हात धरायचा. नऊ वर्षांच्या शरण्याला त्यातलं खरं किती आणि बोलण्यापुरतं किती हे कळलं होतं. विभूने शब्द न् शब्द खरा धरला होता.

"अरे वेड्या, आई नाहीये तिथे," शरण्या गाडीतून म्हणाली. "नुसता तिचा हात आहे."

"नुसता हात?" विभूचे डोळे विस्फारले. "कापून ठेवलाय?"

"शिव शिव शिव! जीभ हासडून ठेवीन," पुढच्या सीटवरून शांतव्वा ओरडली. ही शिवानंदची आई. मुलांची आज्जी, त्याची अव्वा. "आणि तू काय सांगून ठेवलंस रे लेकरांना? नीट सांग की!"

सोलापूर मागे पडलं. हमरस्त्याला लागल्यावर गाडी आपली आपणच चालू लागली, तशी शिवानंदने सीट मागे फिरवली. तो विजेच्या उपकेंद्रात कामाला होता. तारा, प्रवाह, ठिणग्या हे त्याचं रोजचं काम. पण ते पाच वर्षांच्या मुलाला कसं सांगावं हे त्याला सुचत नव्हतं. मग त्याने शाळेपासून सुरुवात केली.

"विभू, तू पहिल्यांदा 'अ' काढलास तेव्हा बाईंनी काय केलं?"

"माझा हात धरला. म्हणाल्या, ढिला सोड."

"मग 'अ' कुणी काढला? तू, का बाईंनी?"

विभूने बराच विचार केला. "दोघांनी."

"बघ. तिथे एक बाही आहे. ती घातली की आई तुझा हात धरते. बाईंनी बाहेरून धरला होता, बाही आतून धरते."

"मग मी ढिला सोडू?"

"ढिला सोड."

मुलाला एवढं पुरलं. मोठ्यांना थोडं अधिक लागतं. आपण बोट हलवतो तेव्हा मेंदूचा हुकूम विजेच्या अगदी बारीक ठोक्यांच्या रूपाने मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत येतो. स्नायू आखडतो आणि बोट हलतं. ते ठोके आपल्याला जाणवत नाहीत, पण कातडीवर संवेदक चिकटवले तर मोजता येतात. हेच उलटही करता येतं. कातडीवरून हलका प्रवाह सोडला तर मेंदूने काही न सांगताच स्नायू आखडतो. डॉक्टर या दोन्ही गोष्टी फार वर्षांपासून करत आले होते. पुढे कुणीतरी त्या एकत्र आणल्या. एका माणसाच्या हाताचे ठोके नोंदवायचे आणि ते त्याच क्रमाने, त्याच वेगाने दुसऱ्याच्या हातावर उमटवायचे. त्या नोंदीला लोक 'हातठसा' म्हणू लागले. कुंभाराचा हातठसा, तबलजीचा हातठसा. शिकणाऱ्याने बाही घालायची आणि हात ढिला सोडायचा. हात आपोआप शिकतो, हळूहळू.

शेतातली हातकामं तेव्हा झपाट्याने संपत होती. मुठीने पेरणं, दोर वळणं, म्हशीची धार काढणं, सुपाने पाखडणं. शेतीच्या संग्रहालयाला या कामांची हत्यारं मिळाली, पण हत्यार भिंतीला टांगून काय कळणार? म्हणून त्यांची माणसं गावोगाव हात शोधत फिरली, तशी शिवानंदच्या गावीही आली. पाखडणाऱ्या म्हाताऱ्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती आणि तरुण बायकांना सूप धरता येत नव्हतं. एक शिवानंदची बायको अंबिका तेवढी होती. सासूच्या हाताखाली ती हौसेने पाखडायला शिकली होती.

सूप हलवणं दिसायला सोपं दिसतं. ज्वारी वर उडवायची, ती खाली येताना सूप किंचित मागे ओढायचं. भारी दाणा सुपात पडतो, हलका कोंडा पुढे उडून जातो. मग सूप तिरकं धरून घोळायचं, म्हणजे खडे एका कोपऱ्यात जमतात. मनगट, कोपर, खांदा सगळ्यांना एका तालात यावं लागतं. अंबिकाच्या तालात आणखी एक गोष्ट होती. मधूनच तिचा उजवा अंगठा सुपाच्या काठावर वाजायचा. टक्. सासू सुरुवातीला चिडायची, "सूप नीट धर गं, दाणे उडवतीस." अंबिका हसून म्हणायची, "अव्वा, माझा अंगठाच नाचरा, त्याला मी काय करू?" मग घरात सगळेच तिची नक्कल करू लागले. ती 'आईची टिचकी' झाली. शरण्या जेवायला बसली की ताटाच्या कडेवर अंगठा वाजवायची. विभूही ते तिच्याकडून शिकला.

विभू रांगायला लागला त्या सुमारास अंबिकाचे हात उचलेनासे झाले. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात, असा तो आजार. आधी हात गेले, मग पाय, मग गिळणं. विभू दोन वर्षांचा झाला आणि ती गेली. त्याला आईने उचलून घेतल्याचं काही आठवण्यासारखं नव्हतंच. तिचे व्हिडिओ तो पाहायचा, पण चिमणीची गोष्ट पाहावी तसा. संपला की दुसरा लाव म्हणायचा.

शिवानंदला म्हणूनच या सहलीकडून एकच गोष्ट हवी होती. या पोराजवळ आईची एक तरी आठवण असावी. डोळ्याने पाहिलेली नाही, अंगाला लागलेली.

संग्रहालय भीमेच्या काठी, काळ्या रानात होतं. जानेवारीचं ऊन, चहूबाजूला कणसाला आलेली ज्वारी, आणि एका बांधावर हुरडा भाजल्याचा धूर. दारातच एक बैलगाडी उभी होती आणि तिच्याभोवती पोरांची झुंबड. विभू तिथेच थांबला असता, पण शरण्याने त्याला ओढून आत नेलं.

आत शांतव्वाला जोर चढला. काचेतला पाटा-वरवंटा पाहून ती उभीच राहिली. "हे बघ! आमच्या न्हाणीघरात पडून होता, तो इथं येऊन काचेत बसलाय. आता मलाही बसवा म्हणावं. खाली पाटी लावा, ही म्हातारी हात लावल्यास बोलते."

"आज्जी, ही विहीर का?" विभू जमिनीतल्या एका गोल तोंडाच्या खड्ड्यात डोकावत होता.

"पेव आहे ते. यात ज्वारी ठेवायचे. तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं टिकायची."

"माणूस ठेवला तर?"

"तुला ठेवू का बघायला?"

खळ्याच्या दालनात यास्मिन मुजावर त्यांची वाट पाहत होती. अंबिकाचा हातठसा घ्यायला हीच अभियंता गावी आली होती. तिने शांतव्वाला वाकून नमस्कार केला. "आजी, तुमच्या हातची शेंगाचटणी अजून विसरले नाही." मग विभूकडे पाहून म्हणाली, "हा तेव्हा पोटात होता. वहिनींचं सूप सारखं पोटाला टेकायचं, आम्हाला सगळी मापं बदलावी लागली."

"म्हणजे मी पण होतो?" विभू म्हणाला.

"होतास की. तुझीच अडचण होत होती."

विभूला हे फार आवडलं.

लहान मुलांची बाही मऊ होती, कोपरापर्यंत येणारी, आतून बारीक चकत्या लावलेली. मुलांसाठी त्यात प्रवाह अगदी हलका ठेवतात. तो हात हलवत नाही, नुसता सुचवतो. यास्मिनने तिची जोडी विभूच्या दोन्ही हातांना चढवली आणि त्याच्यापुढे मूठभर ज्वारी घातलेलं छोटं सूप धरलं. विभूने आधीच डोळे मिटून घेतले होते.

"ढिला सोड हं," शरण्या म्हणाली.

"सोडलाय!"

सूप हललं. आधी वेडंवाकडं, थोडी ज्वारी सांडली. मग विभूच्या मनगटांत काहीतरी आलं. सूप वर गेलं, किंचित मागे आलं, दाणे सुपात पडले आणि कोंड्याची बारीक लाट पुढच्या उन्हात उडाली. पुन्हा. पुन्हा. शांतव्वाने पदर तोंडाला लावला. "अगदी तीच गं माझी बाई," ती पुटपुटली.

शिवानंद विभूच्या चेहऱ्याकडे पाहत होता. पोराने डोळे उघडले होते आणि आपल्या हातांकडे तो परक्याच्या हातांकडे पाहावं तसा पाहत होता. गंमत वाटत होती त्याला, पण त्याहून जास्त काही दिसत नव्हतं.

"ही आई नाही," शरण्या एकदम म्हणाली.

"असं काय बोलतीस?" शांतव्वा म्हणाली.

"टिचकी कुठंय? एकदाही वाजली नाही. ही दुसरीच कुणाची तरी आहे."

यास्मिन हसली. "हुशार आहेस. अगं, ठसा घेतल्यावर आम्ही तो स्वच्छ करतो. रेडिओत खरखर येते ना, तसं या नोंदीतही इकडचं तिकडचं मिसळलेलं असतं. तालात न बसणारं जे काही असेल ते काढून टाकतो. टिचकी त्यातच गेली असणार." तिने शिवानंदकडे पाहिलं. "मूळ ठसा आहे माझ्याकडे. लावू?"

"लावा ना," शिवानंद म्हणाला.

ती पडद्याशी गेली. काही क्षणांनी सूप पुन्हा हललं, आणि तिसऱ्या-चौथ्या झोक्याला विभूचा अंगठा सुपाच्या काठावर वाजला. टक्.

विभू दचकला. मग खिदळला. "गुदगुल्या! आई गुदगुल्या करतीय!"

टक्. विभूला हसू आवरेना. ज्वारी सांडत होती, कोंडा नाकात जात होता, तो शिंकत होता, हसत होता आणि मधूनच ओरडत होता, "पुरे गं आई! पुरे की!" आईशी तो कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच बोलत होता. शिवानंद पेंढ्याच्या गाठोड्यावर बसला. ज्यासाठी आलो ते झालं, असं त्याला वाटलं. पोराच्या अंगाला आई लागली.

बाही थांबली तरी विभू अंगठ्याकडे पाहत हसतच होता. शांतव्वा दोघांना घेऊन हुरडा खायला निघाली. शिवानंद उठला, तेव्हा यास्मिन पडद्यापाशी तशीच उभी होती.

"भाऊ, जरा थांबता?" ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "वहिनी कशाने गेल्या? मला नुसतं त्या गेल्याचं कळलं होतं."

शिवानंदने आजाराचं नाव सांगितलं.

तिने डोळे मिटले आणि उघडले. पडद्यावर एक रेघ होती, लहानमोठ्या डोंगरांची. "हा उजवा अंगठा. हे डोंगर म्हणजे मेंदूचे हुकूम. सूप उडवताना प्रत्येक वेळी एक. आता मधल्या सपाट जागेत बघा." तिथे काटे होते. बारीक, उंच, मनाला येईल तिथे उगवलेले. "हे हुकूम कुणी दिलेले नाहीत. मेंदूने तर नाहीतच."

शिवानंद पाहत राहिला. त्याला जास्त सांगावं लागलं नाही. जोडणी सैल झाली की तारेतून अशाच ठिणग्या उडतात. दिवे चालू असतात, कुणाला काही कळत नाही. मग एक दिवस तार जळते.

"म्हणजे ती टिचकी..." तो म्हणाला.

"पेशी मरायला लागली की आधी अशी भरकटते. उगाचच ठोके सोडते. कातडीखाली फडफड होते, कधी बोट उडतं."

"पण तिचं निदान तर विभू झाल्यानंतर झालं. वर्षाहून जास्त काळाने."

यास्मिनने रेघेखालच्या तारखेवर बोट ठेवलं.

"तेव्हाच कळलं असतं तर?"

"मी डॉक्टर नाही, भाऊ."

"तरी सांगा."

"आजार बरा होत नाही. पण तेव्हा एक औषध नुकतं आलं होतं. लवकर सुरू केलं तर पुढची घसरण लांबते, असं म्हणतात. काहींची खूप लांबली." ती खाली पाहत होती. "हे काटे मी पाहिले होते. आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. खरखर म्हणून पुसून टाकले."

शिवानंदला जेवणाची ताटं दिसत होती. एका ओळीत मांडलेली ताटं, आणि त्यांच्या कडांवर वाजणारे अंगठे. तिची आठवण म्हणून घराने जे जपलं होतं, ते तिचं नव्हतंच. तिला नेणाऱ्याचं होतं. आणि आज त्याने पोराच्या अंगाला लावलं ते हेच.

"विभूला काही होणार नाही ना?"

"नाही. एकदोन वेळांनी काही होत नाही. पण आजारी मज्जातंतूचे ठोके निरोगी माणसावर चालवायचे नाहीत, असा नियम आहे. मुलांवर तर मुळीच नाही. मला माहीत नव्हतं म्हणून चाललं." ती थांबली. "आता माहीत झालंय. मी कळवलं की हा ठसा रुग्णालयाच्या संशोधकांकडे जाईल आणि स्वच्छ केलेल्या नकलेसकट इथून पुसला जाईल. तिथे तो फार मोलाचा आहे. या बाह्या आता शाळाशाळांतून गेल्यात, कारखान्यांत गेल्यात, आणि त्या घालणाऱ्याच्या हाताचे ठोकेही मोजतात. आजार इतका कोवळा असतानाचे काटे कसे दिसतात हे एकदा बाह्यांना शिकवता आलं, तर घालणाऱ्या माणसाला त्या वेळेत सांगू शकतील. पण निरोगी हाताच्या नोंदी ढिगाने मिळतात, अशी नोंद मिळत नाही. पुढे आजारी पडणार आहे हे माहीत नसताना कोण कशाला नोंद देईल?"

"आणि नाही कळवलं तर?"

"तर तो इथेच राहील. माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तुम्ही मुलाला घेऊन कधीही या. दर रविवारी या." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल तसं. मी तुमचं एवढं तरी देणं लागते."

दर रविवारी. विभू सहा वर्षांचा होईल, सातचा होईल, आईशी बोलत राहील. शिवानंदने ते चित्र जरा वेळ मनात ठेवलं. मग त्याला दुसरंच एक घर दिसलं, कुठलं ते त्याला माहीत नव्हतं. तिथेही कुणाचा तरी अंगठा उडत असेल आणि घरचे सगळे हसत असतील.

"कळवा," तो म्हणाला. "पण त्याआधी विभूला एकदा घालू द्या. शेवटचं. थोडा जास्त वेळ."

यास्मिनने मान हलवली.

तो वळला तर दाराशी शरण्या उभी होती. हातात द्रोण, द्रोणात हुरडा. ती बापासाठी घेऊन आली होती आणि कधीची उभी होती कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं, की बरंच ऐकलंय.

"शरू..."

"आज्जीला सांगू नका," ती म्हणाली.

तो तिच्यापुढे उकिडवा बसला.

"आज्जी आईला ओरडायची ना, सूप नीट धर म्हणून." शरण्याने द्रोण त्याच्या हातात दिला. "तिला कळलं तर ती जेवणार नाही."

"नाही सांगणार," तो म्हणाला. "तुला घालायची आहे का बाही? आत्ता घाल. नंतर मिळणार नाही."

तिने दालनातल्या सुपाकडे पाहिलं. "नको. मला आई आठवते. ती हसायची तशी. हे घातलं तर मला दुसरंच आठवत बसेल."

बाहेर बांधावर विभूच्या तोंडाला काळं लागलं होतं. मुठीत हुरडा, खिशात हुरडा. शिवानंदने त्याचे हात पुसले.

"विभू, चल, आईचा हात परत एकदा धरायचा."

"धरला की मघाशी."

"अजून एकदा. आता खूप वेळ."

"आता बैलगाडी!"

"बैलगाडी नंतर. आधी..."

"बाबा, ती निघालीय! बघा! मग जागा नाही मिळणार!" पोर कळवळून सांगत होतं. गाडीवान खरंच बैलांना जुंपत होता. "आईकडे आपण पुढच्या रविवारी जाऊ ना."

शिवानंदने त्याचा दंड धरला होता. उचलून आत नेता आलं असतं. दोन मिनिटं रडला असता, मग बाही चढल्यावर हसला असता. आणि मोठेपणी त्याला कदाचित एवढंच आठवलं असतं, की बाबांनी बैलगाडीतून ओढून नेलं होतं. त्याने दंड सोडला.

"जा. पळ."

विभू धूम पळाला. त्याच्यामागून लुगडं सावरत, "अरे पडशील, मुडद्या!" म्हणत शांतव्वाही धावली, आणि शरण्या तिच्यामागे.

शिवानंद एकटाच आत आला. यास्मिनने दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिने मांडणीवरून मोठ्या माणसांची बाही काढली.

"ही पूर्ण प्रवाहाची आहे, भाऊ. मुलांच्यात नुसतं सुचवणं असतं. यात सगळं येतं."

त्याने आयुष्यात कधी सूप हातात घेतलं नव्हतं. ते बायकांचं काम होतं. तो ओसरीवर बसून तिला पाखडताना बघायचा. यास्मिनने पट्टे आवळले. त्याने हात ढिले सोडले.

आणि ती आली. त्याच्या जाड, भाजलेल्या, पान्हे धरून घट्टे पडलेल्या हातांत तिचं हलकं मनगट आलं. सूप वर गेलं, मागे आलं. तिची लगबग त्याला कळली, तिची सवय कळली, डावा हात उजव्यापेक्षा किंचित आधी ओढायची ती. इतकी वर्षं ती शेजारी होती आणि हे त्याला माहीत नव्हतं. टक्. अंगठा उडाला. आता त्यात गुदगुली नव्हती. सूप चालत राहिलं. टक्. तिसऱ्या टिचकीला त्याच्या ध्यानात काहीतरी आलं आणि चौथीची तो वाट पाहत राहिला.

अंगठ्याच्या बुडाशी कातडी आधी बारीक फडफडायची. अंगठा नंतर उडायचा. आणि त्या मधल्या निमिषात बाकीची चारही बोटं सुपावर घट्ट आवळायची, मनगट थोडं आत वळायचं. त्यामुळे अंगठा हवेत नुसता उडायचा नाही, बरोबर काठावर येऊन वाजायचा. ठेका दिल्यासारखा. मुद्दाम मारल्यासारखा.

"हे बोटांचं आवळणं," तो यास्मिनला म्हणाला, "हे आजाराचं आहे?"

तिने पडदा पाहिला. मागे नेऊन पुन्हा पाहिला. "नाही. हे तर हुकूम आहेत. स्पष्ट आहेत." मग तिच्याही लक्षात आलं.

हात वाट पाहत होता. हाताला माहीत होतं की आता अंगठा उडणार. हाताला माहीत होतं म्हणजे तिला माहीत होतं. पोटात मूल, समोर सासू, भोवती परकी माणसं त्यांची यंत्रं घेऊन. आणि ती आपला बेताल अंगठा चार बोटांनी सावरून त्याची टिचकी करत होती, वर हसत होती. किती दिवसांपासून? का? भीती वाटली म्हणून, की पोटातल्याचं आधी नीट पार पडू दे म्हणून? ते ठोक्यांत लिहिलेलं नव्हतं. बाही हात सांगते, मनातलं सांगत नाही.

ठसा संपला. सूप थांबलं.

"परत लावू?" यास्मिनने अगदी हळू विचारलं.

त्याला हो म्हणायचं होतं. त्याने दाताने एक पट्टा सोडला, मग हाताने दुसरा. बाही उतरल्यावर कातडीवर चकत्यांचे गोल वळ दिसत होते.

"कळवा आता," तो म्हणाला. "मी जाईपर्यंत थांबू नका."

तो बाहेर आला तेव्हा बैलगाडी रानाला एक फेरी मारून परत आली होती आणि विभू उतरायला तयार नव्हता. "बाबा, तुम्ही पण या! बैल शेण टाकतो चालता चालता!" शिवानंद चढला. शांतव्वाने सरकून जागा दिली आणि त्याचं तोंड निरखलं.

"घातलीस होय तू पण?"

"हो."

"कसा होता हात?"

"चांगला होता, अव्वा. तुझ्याचसारखा."

"माझ्यासारखा कुठला. माझ्याहून गोड." गाडी हलली. शांतव्वा ज्वारीकडे पाहत राहिली. "मीच मेली तिला बोलत बसायची. दाणे उडवतीस म्हणून, नीट धर म्हणून. मघा ते सूप बघितलं तसं ते सगळं आठवलं बघ. काय वाटत असेल रे तिला?"



शरण्याने आज्जीचा सुरकुतलेला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "तिला काही वाटायचं नाही, आज्जी."

"खरं?"

"खरं. तू बाहेर गेलीस की ती मला सांगायची. म्हणायची, अव्वा ओरडली की मला बरं वाटतं."

असं अंबिका कधी म्हणाली नव्हती. शिवानंदने लेकीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती बैलांच्या पाठींकडे बघत होती, आणि आज्जीचा हात तिने चारही बोटांनी घट्ट धरून ठेवला होता.